मरणाऱ्याला त्याचा हिशेब विचारू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळकसाहेब, पंच आणि रविवार शाळेचे शिक्षक यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी परिचारिका होते. शिक्षण मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालं, नोकरी निपाणीपासून बेळगावपर्यंत फिरत झाली, आणि आता खानापूर तालुक्यात राहून रविवार शाळेत मुलांना शिकवते. मी पाळक नाही, सेमिनरीची पायरी चढलेली नाही. पण माणसं मरताना काय बोलतात हे मी तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा जास्त ऐकलंय. तुम्ही भेटीच्या वेळेत येता आणि ही बोलणी रात्री दोन-अडीचला होतात.

पत्राचं कारण थेट सांगते. आपल्याकडे माणूस मरणाला टेकला की आपण त्याच्याशी त्याने काय केलं ते बोलतो, आणि गेला की त्याने काय केलं ते कबरीपाशी वाचून दाखवतो. ख्रिस्ताने काय केलं ते दोन्ही वेळा मागे पडतं. हे बदलावं म्हणून लिहिते आहे.

पाळकसाहेब दवाखान्यात येतात, तेविसावं स्तोत्र वाचतात, प्रार्थना करतात. इथवर सगळं छान असतं. मग उठता उठता सोबतचे कुणी पंच रुग्णाचा हात हातात घेऊन म्हणतात, "काळजी करू नका, तुम्ही मंडळीसाठी पुष्कळ केलंय, देव विसरणार नाही." म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण पलीकडच्या खाटेवर आपल्याच मंडळीतला दुसरा कुणी पडलेला असतो. त्याने मंडळीसाठी काही केलेलं नसतं. दारू प्यायलेली असते, बायकोला मारलेलं असतं, बाप्तिस्म्यानंतर चर्चचं तोंड पाहिलेलं नसतं. ते वाक्य त्यालाही ऐकू जातं. त्याने त्यातून काय समजायचं?

आणि ज्याने खरोखरच पुष्कळ केलंय, त्याला तरी या वाक्याने झोप लागते का? नाही लागत. एक वृद्ध पंच माझ्या वॉर्डात होते. चर्चच्या आवारासाठी स्वतःची जागा दिलेली, दशांश कधी चुकवला नाही, दुष्काळात शेजाऱ्यांना धान्य वाटलेलं. दिवसा लोक येऊन त्यांची वाहवा करून गेले. रात्री सलाईन बदलायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "सिस्टर, पुरेल का हो एवढं?" आयुष्यभर आपल्या मंडळीत बसलेल्या माणसाचा हा प्रश्न. "पुरेल का" हे विचारायची पाळी त्यांच्यावर आणली कुणी? आपणच, थोडं थोडं करून, साठ-सत्तर वर्षं.

आता निपाणीच्या एका बाईबद्दल लिहिते. तिची ओळख पटेल असं काही सांगत नाही. ती जन्मभर विड्या वळत आली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, बोटं काळी-पिवळी, नखांच्या कडा चिरलेल्या. हजारावर मजुरी. फुप्फुसं गेलेली होती, बसूनच झोपायची. मंडळीत तिचं नाव होतं, पण रविवारी वळणाचं काम असायचं, त्यामुळे ती क्वचितच यायची. तिनं मला विचारलं ते तिच्याच शब्दांत लिहिते: "सिस्टर, म्या देवासाठी काय केलंय? जल्मभर विड्याच वळल्या. कुणाकुणाची छाती जाळली आसंल. आमचा चेकर छाट विड्या बाजूला टाकतोय आन् त्येचं पैसं देत न्हाई. तसंच देव मला बाजूला टाकंल न्हवं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की त्या तपासल्या जातात. एखादी सैल, एखादी आखूड, एखादीचं पान फाटलेलं, अशा सगळ्या छाट म्हणून वगळतात. मेहनत झालेली असते, मोबदला नाही. देवाबद्दल या बाईच्या मनात जे चित्र होतं ते तिला तिच्या धंद्यानं दिलं होतं, आणि मंडळीनं ते कधी पुसलं नव्हतं.

मी तिला लूकच्या तेविसाव्या अध्यायातला चोर सांगितला. दोन चोर, दोघांनाही वधस्तंभावर टांगलेलं. एक म्हणतो, आम्हांला आमच्या कर्मांचं योग्य फळ मिळतंय, याने मात्र काही वाईट केलं नाही. आणि येशूकडे वळून म्हणतो, तू राजा म्हणून येशील तेव्हा माझी आठवण ठेव. येशू त्याला म्हणतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. तिनं विचारलं, "मग त्या चोरानं फुडं काय क्येलं?" मी म्हटलं, काही नाही केलं. करणार काय? हातपाय खिळलेले होते. चोरलेलं परत करता आलं नाही, बाप्तिस्मा घेता आला नाही, मंडळीत नाव घालता आलं नाही. ती बराच वेळ धापा टाकत बसली आणि म्हणाली, "मग माझं बी जमंल."

पाळकसाहेब, हे वाक्य त्या बाईला आपल्या उपदेशातून तिशीतच मिळायला हवं होतं. तेव्हा तिच्यापुढे आयुष्य होतं, आणि त्या मोकळ्या मनानं तिनं ते कसं जगलं असतं कोण जाणे.

जक्कयाची गोष्टही लूकनेच सांगितली आहे. त्याला वेळ मिळाला, त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत केलं. चोराला वेळ मिळाला नाही. एकाकडे दाखवायला इतकं, दुसऱ्याकडे काहीच नाही, आणि प्रभू दोघांनाही "आज"च म्हणतो. जक्कयाच्या घरी येशू जेवायला आधी गेला, चौपटीची भाषा नंतर आली, हा क्रम नीट पाहावा. प्रभूने त्याला झाडावरून खाली बोलावलं तेव्हा तो अजून लोकांना लुबाडणारा जकातदारच होता.

आता जे लिहायला मला जड जातं ते. आपल्या भागात एका ठिकाणी (गाव सांगत नाही, मंडळीही सांगत नाही) दफनाच्या आधी घरच्यांना थकलेली वर्गणी भरायला सांगितलं गेलं. मयत घरात होती. मुलगा उसने पैसे आणायला शेजारी गेला. असं सगळीकडे होत नाही हे मला ठाऊक आहे, आणि मंडळीचा खर्च, दफनभूमीची साफसफाई, पाळकांचा पगार वर्गणीतूनच भागतो हेही ठाऊक आहे. वर्गणी मागा. जिवंतपणी मागा, घरी जाऊन मागा, दोनदा मागा. पण मयत घरात असताना वर्गणीची वही उघडली की त्या घराला एकच गोष्ट कळते: वर जायचं तर बाकी चुकती करावी लागते. मग व्यासपीठावरून कृपेवर कितीही उपदेश करा, त्या घराने ऐकायचं ते ऐकलेलं असतं.

१५१७ साली मार्टिन लूथर यांनी विटेनबर्गमध्ये पंच्याण्णव विधानं मांडली ती नेमकी यावरच. रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी पैसे उभे करायचे होते, आणि टेटझेलसारखे प्रचारक गावोगावी फिरून पापदंडाच्या माफीचे दाखले विकत होते, मेलेल्या नातेवाइकांसाठीसुद्धा. विकत घेणारे गरीब होते, आपल्या मेलेल्या आईबापांवर माया करणारे होते. लूथर यांना राग आला तो या मायेचा बाजार झाला म्हणून. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपण धर्मसुधारणेची आठवण काढतो, त्या आठवणीचा दफनाच्या दिवशीही काही उपयोग व्हावा.

आपल्या मंडळ्यांची मुळं पाहा. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले. मराठी ख्रिस्ती साहित्याचे पहिले मोठे नाव, बाबा पदमनजी, यांचा जन्म १८३१ साली याच बेळगावातला, आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही इथेच झाला. पुढे १९०४ मध्ये इथलं लंडन मिशनचं काम मेथॉडिस्ट मिशनकडे आलं. म्हणजे आपल्यापैकी निम्मे लोक मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांचे वारस. तर वेस्ली यांचीच गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती मरणाऱ्या माणसापाशीच सुरू होते.

वेस्ली यांच्याइतकी कर्मं आपल्यात कुणी केली नसतील. ऑक्सफर्डला असताना बुधवारी आणि शुक्रवारी उपास, तुरुंगात कैद्यांच्या भेटी, गरिबांच्या मुलांना शिकवणं, स्वतःच्या खर्चात काटकसर करून उरलेलं वाटून टाकणं. १७३५ साली ते मिशनरी म्हणून अमेरिकेत जॉर्जियाला निघाले. समुद्रात वादळ झालं तेव्हा जहाजावरचे इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि मोराव्हियन पंथाची जर्मन कुटुंबं, बायकामुलांसकट, स्तोत्रं गात होती. वेस्ली स्वतः भ्यालेले होते. इतकं सगळं करूनही मरणाची भीती गेलेली नव्हती. माझ्या वॉर्डातल्या त्या पंचांचीच अवस्था.

१७३८ च्या सुरुवातीला ते हताश होऊन परत आले. पेटर ब्योलर नावाच्या तरुण मोराव्हियन सेवकाने त्यांना सांगितलं की तारण केवळ विश्वासाने आहे. वेस्ली म्हणाले, माझ्यापाशी तो विश्वास नाही, मग उपदेश करायचं थांबवू का? ब्योलर म्हणाला, थांबू नका, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश करा, मग मिळाला म्हणून करा. आणि ६ मार्च १७३८ या दिवशी वेस्ली यांनी ही शिकवण पहिल्यांदा ज्याला सांगितली तो फाशीची शिक्षा झालेला एक कैदी होता. ब्योलर त्यांना त्याच्याशी बोलायला आधीपासून सांगत होता आणि वेस्ली टाळत होते. त्याचं कारण त्यांनी आपल्या रोजनिशीत स्वच्छ लिहिलंय: मरणाच्या खाटेवर पश्चात्ताप होऊच शकत नाही, असं ते कित्येक वर्षं हिरिरीने मांडत आले होते. बरोबर आहे. तारण कर्मांनी असेल तर मरणाऱ्याला उशीरच झालेला असतो. त्याच महिन्याच्या अखेरीला ते ऑक्सफर्डच्या किल्ल्यातल्या तुरुंगात एका कैद्याबरोबर प्रार्थनेला गुडघे टेकून बसले. आधी गोंधळलेला, खचलेला तो माणूस उठला तो मरायला तयार आहे असं म्हणतच; ख्रिस्ताने माझी पापं दूर केली आहेत, एवढं त्याला कळलं होतं.

२४ मे १७३८ ची, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरची सभा आपण सगळे सांगतो. तिथे लूथर यांची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात होती आणि वेस्ली यांच्या हृदयात ऊब आली. त्याच्या आधीचा हा तुरुंग मात्र आपण सांगत नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या आधी तो कैदी मोकळा झाला.

इथे मला ठरलेलं उत्तर मिळतं, आणि ते देणारे लोक प्रामाणिक असतात. "बाई, फक्त विश्वास म्हटलं की लोक मोकाट सुटतील. आज प्यायचं, उद्या विश्वास धरायचा. कर्मांचा धाक हवाच." ही शंका नवी नाही. पौलाच्या तोंडावर ती फेकली गेली होती, म्हणून तर रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? आणि स्वतःच उत्तर देतो, कधीच नाही. ज्याच्या उपदेशावर ही शंका कधीच येत नाही, तो पौलाचा उपदेश करत नसावा असं मला वाटतं.

धाकाने माणसं सुधारतात का, हे तुम्ही बघितलं असेल तसं मीही बघितलंय. दारू सोडवण्याच्या शपथा किती घेतल्या जातात आणि किती दिवस टिकतात हे प्रत्येक पंचाला ठाऊक आहे. शपथ मोडली की तो माणूस मंडळीत यायचं बंद करतो, कारण आता त्याची बाकी आणखी वाढलेली असते. जे सुटले त्यांच्यातले बरेच जण मला एकच सांगतात: आधी कुणीतरी घरात घेतलं, मग सुटली.

वेस्ली यांचंच पाहा ना. विश्वासाने तारण हे कळल्यावर ते हात जोडून बसले काय? १७४६ साली त्यांनी लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना उघडला. १७९१ साली, मरणाच्या अगोदर काही दिवस, त्यांनी इंग्लंडच्या संसदेतले सभासद विल्बरफोर्स यांना गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात धीर देणारं पत्र लिहिलं. आणि आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पुढे त्यांनी स्वतः साक्ष दिली की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपली कुवत, आपली योग्यता यांवरची भिस्त सुटायला आणखी सात-आठ वर्षं गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका त्यांनी आणल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, ते त्यानंतर. देवाकडून काही मिळवायचं शिल्लक नव्हतं, म्हणून तर त्या बाईंचे हात एवढे मोकळे झाले.

याकोबाच्या पत्राबद्दलही बोललं पाहिजे, कारण वर्गणीच्या सभेत ते हमखास उघडलं जातं: कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. अगदी खरं आहे. लूथर यांना हे पत्र पचलं नाही, गवताचं पत्र म्हणाले ते त्याला. तिथे मी लूथर यांच्या बाजूची नाही. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात उभा आहे. तिथे म्हातारा, अपत्यहीन अब्राहाम तारे बघतो, देवाच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि तेवढ्यावर नीतिमान ठरतो. अजून सुंता झालेली नाही, ती सतराव्या अध्यायात. याकोब बाविसाव्या अध्यायात उभा आहे, इसहाकाला घेऊन डोंगर चढणाऱ्या अब्राहामापाशी. मधे कितीतरी वर्षं गेली आहेत. याकोब ज्याला झापतो तो कोण? उघड्या, उपाशी भावाला "जा, ऊब घे, पोटभर खा" असं नुसतं तोंडाने सांगणारा धडधाकट माणूस. खाटेवरची विडी कामगार बाई नव्हे. याकोब धडधाकटांना वाचून दाखवा, आम्हां सगळ्यांना त्याची गरज आहे. मरणाऱ्याला पंधरावा अध्याय वाचा.

कुणी मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुढे करील: भुकेल्याला खायला दिलं, आजाऱ्याची भेट घेतली, म्हणून मेंढरं उजवीकडे. परिचारिकांच्या निरोप समारंभात हा उतारा हमखास वाचतात, माझ्याही वेळी वाचला. पण त्या मेंढरांचं उत्तर ऐका. ती म्हणतात, प्रभो, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांना आठवतच नाही. त्यांनी काही टिपून ठेवलेलं नाही. उलट त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात यादी घेऊन येणारे लोक आहेत: तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली, महत्कृत्यं केली. सगळं पाठ. त्यांना प्रभू म्हणतो, मला तुमची कधीच ओळख नव्हती. कबरीपाशी आपण जी यादी वाचतो ती कुणाच्या यादीसारखी वाटते?

दुसऱ्या बाजूने एक वेगळंच संकट आलंय, आणि त्यावर तुम्ही गप्प आहात हे मला सहन होत नाही. चंगाईच्या काही सभांत विश्वासालाच कर्म करून टाकलंय. "तुझा विश्वास कमी पडला म्हणून आजार गेला नाही." "गोळ्या घेतोस म्हणजे विश्वास नाही." टीबीच्या गोळ्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, माणसाला वाटतं बरा झालो. नेमकं तेव्हाच कुणीतरी त्याला गोळ्या सोडून साक्ष द्यायला उभं करतं. तो पुन्हा आमच्याकडे येतो तेव्हा साध्या गोळ्या लागू पडत नाहीत, घरातल्या आणखी दोघांना लागण झालेली असते, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तो स्वतःलाच दोष देत असतो की माझा विश्वास तोकडा. शास्त्रात मुलाला घेऊन आलेला बाप काय म्हणाला? मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाक. अर्धामुर्धा विश्वास, आणि मुलगा बरा झाला. पक्षाघात झालेल्याला चौघांनी छपरातून खाली सोडलं तेव्हा मार्क लिहितो की येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी बसलेल्या किती बायकांना मी हे वचन दिलंय. आपला विश्वास किती, याला महत्त्व नाही. तो कुणावर आहे, याला आहे. विश्वास हा रिकामा हात आहे, आणि हात किती मोठा हे विचारून कुणी दान देत नाही.

कॅथलिक बंधुभगिनींबद्दल थोडंच. "ते कर्मांनी तारण मानतात" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, रविवार शाळेतही. हे बरोबर नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७ सालीच म्हटलं होतं की नीतिमान ठरण्याआधीची कोणतीही गोष्ट, विश्वास असो की कर्म, ती कृपा कमावत नाही. वाद होता, अजूनही काही आहे. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो. २००६ साली जागतिक मेथॉडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. एकाच बेळगावात मराठी उपासना, कन्नड उपासना आणि कोकणी मिस्सा चालते. निदान या एका गोष्टीवर तिघांनी मिळून एखादी प्रार्थनासभा घ्यायला काय हरकत आहे?

शेजाऱ्यांकडे बोट दाखवून "त्यांच्याकडे पापपुण्याचा हिशेब असतो, आपल्याकडे कृपा" असं म्हणणंही मला पटत नाही. आषाढीला आपल्या भागातून पंढरपूरला दिंड्या जातात. त्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, देव तुमच्या पुण्याईमुळे भेटतो का? ते हात वर करतात, "त्याची कृपा" म्हणतात. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, ते उगीच नाही. कृपेची भूक या मातीत आधीपासून आहे. ती भूक असलेला माणूस आपल्या दारात आला आणि कापणीच्या सणाला लिलावात कुणी किती बोली लावली, त्याचीच यादी त्याला ऐकू आली, तर त्याने काय न्यायचं?

कापणीचा सण बंद करा असं माझं म्हणणं नाही. तांदळाची पोती, नारळ, कोंबड्या, भोपळे, मुलांची धावपळ, सगळं मला आवडतं. लिलावही होऊ दे. नावं आणि रकमा मात्र व्यासपीठावरून वाचू नका, आणि वाचायच्याच असतील तर उपासना संपल्यावर, बाहेर, फलकावर लावा. विधवेने आणलेलं एक अंडं आणि ठेकेदाराची दहा हजारांची बोली एकाच यादीत वर-खाली वाचली जाते तेव्हा त्या विधवेचा चेहरा व्यासपीठावरून दिसत नाही. मागच्या बाकावरून दिसतो.

दफनाच्या वेळी मयताच्या आयुष्याबद्दल बोला, जरूर बोला, घरच्यांना ते हवं असतं. पण त्याच्या चांगुलपणावर त्याचा स्वर्ग उभा करू नका. समोर त्याची बायको बसलेली असते, तिला सगळं ठाऊक असतं. वाईट माणूस गेला असेल तर पाळकांचे शब्द अडखळतात, प्रार्थना आखूड होते, हे लोकांच्या लक्षात येतं. दोघांच्या कबरीपाशी एकच वचन सारख्याच आवाजात वाचता आलं पाहिजे. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठ आणि नऊ. आणि दहावंही वाचा, सत्कर्मांचं, जिवंतांसाठी.

दवाखान्यात याल तेव्हा निदान एकदा रुग्णाच्या शेजारी एकटे बसा. नातेवाइकांना बाहेर जायला सांगा. लोकांसमोर कुणी "पुरेल का" असं विचारत नाही. आणि त्याने विचारलं तर "पुष्कळ केलंत तुम्ही" असं म्हणू नका. पुरणार नाही असंच सांगा, आणि पुरवावं लागणार नाही असंही सांगा; प्रभूने ते केलंय. हे दोन्ही एकाच श्वासात सांगता येतं, मी सांगितलेलं आहे.

येत्या पंचसभेत एक ठराव घ्यावा अशी विनंती आहे: वर्गणी आणि दफन यांचा एकमेकांशी संबंध नाही, थकबाकी असो वा नसो, मंडळीतल्या कुणाच्याही मयतीला पूर्ण विधी मिळेल, आणि शोकाच्या काळात पैशाचा विषय निघणार नाही. हा ठराव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून चर्चच्या दारावर लावा, आपल्या बऱ्याच मंडळ्यांत दोन्ही भाषांची माणसं बसतात. शुभ शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर, म्हणजे सात शब्दांवर, उपदेश होतो; त्यातला दुसरा शब्द, तो चोराला दिलेला, पुढच्या वर्षी एखाद्या नवख्या उपदेशकाला वेळ भरून काढायला देऊ नका. मंडळीच्या मुख्य पाळकांनी घ्यावा. आणि त्याआधी मंडळीतल्या, रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या तरुण परिचारिकेला घरी बोलावून विचारावं, की तिच्या वॉर्डात या महिन्यात काय विचारलं गेलं. मला बोलावलंत तर मीही येईन.

आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव